पुढचं दार

"आई, तू चीटिंग करतेयस. तुला सगळं दिसतंय."

शालूनं असं म्हटलं आणि आश्लेषाचा हात मिठाच्या बरणीवर होता तिथेच थांबला. डोळ्यांवर हात पुसायचा पंचा करकचून बांधलेला, त्याला हळदीचा, ओल्या खोबऱ्याचा आणि थोडा कुबट वास. दिसायचं म्हणाल तर नाकाच्या कडेनं खाली एक पिवळट फट, तिच्यातून आपल्याच गाऊनची किनार. बाकी मिट्ट काळोख. तरी शालू म्हणेल ती वस्तू ती काढून देत सुटली होती. मीठ म्हटलं, मीठ दिलं. किसणी म्हटली, खिळ्यावरून काढून हातात ठेवली. मोदकपात्राचं झाकण म्हटलं, तर तेसुद्धा फडताळावर उलटं घातलेलं, एकदाही न चाचपडता. शाळेच्या कार्डात हे असं नव्हतंच. कार्ड दर आठवड्याला येतं. दुसरीच्या बाई मातांच्या ग्रुपवर टाकतात, या खेपेला मुलांबरोबर घरी काय करायचं ते. कडधान्यं निवडून ढीग लावा, चपला जोडीनं मांडा, भाकरीचे तुकडे करून अर्धं-पाव शिकवा. आता आलं होतं 'डोळे बांधून घर ओळखा'. आधी मुलाचे डोळे बांधायचे आणि वासावरून, स्पर्शावरून वस्तू ओळखायला लावायच्या. मग पालकाचे बांधायचे, आणि मुलानं डावीकडे, उजवीकडे, पुढे, थांब असं सांगत त्याला घराच्या आतल्या टोकापासून मुख्य दारापर्यंत न्यायचं. मुलाला दिशा पक्क्या होतात म्हणे. शालूनं आपला भाग झकास केला होता. वेलची ओळखली, आजीचं गुडघ्याचं मलम ओळखलं, रव्याला मात्र वाळू म्हणाली आणि आपणच हसत सुटली. आता मोबाईल तिच्या हातात होता, व्हिडिओ चालू होता, आणि आई काही नियमानं खेळत नव्हती.

"मी सांगायचं आणि मग तू चालायचं, असं आहे ते," शालू म्हणाली. "तू आधीच चालतेस. मग मी काय शिकणार?"

"बरं बाई, चुकलं. सांग तू."

"पण खरंच दिसत नाही ना?"

"देवाशपथ नाही."

खरंच दिसत नव्हतं, आणि तिला खटकलं ते तेच. चोरून बघितलं असतं तर पोरीचं बोलणं हसून सोडून देता आलं असतं. पण ओट्याचा कोपरा कुठे कमरेला लागतो, कुठली फरशी उचकटलीय, कुठल्या शेल्फाखाली मान खाली घालायची, हे सगळं तिच्या अंगात कधी जाऊन बसलं? कुणी शिकवलं नव्हतं, तिनं पाठ केलं नव्हतं. शिकायचं तिनं वेगळंच ठरवलं होतं. अलिबागच्या डीएडच्या होस्टेलवर ती आणि मुरुडची काशिफा एका खोलीत राहायच्या, आणि सरावपाठाला मिठागरांच्या पल्याडच्या एका गावात जायच्या. तिथली पोरं बापाबरोबर सकाळी आगरात जाऊन यायची आणि वर्गात शिरायची ती पांढऱ्या पायांनी. पहिल्या पाठाला आश्लेषानं त्यांच्यासमोर उभं राहून हातात खडू धरला, आणि पाठ केलेलं पहिलंच वाक्य विसरली. मग मागच्या रांगेतली एक पोरगी काहीतरी बरोबर बोलली, काय बोलली ते आता आठवत नाही, पण तेवढ्यात भीती गेली. त्यानंतरचा तास कसा गेला हे तिला कळलंच नाही. बाहेर आल्यावर काशिफा म्हणाली होती, "आशू, तू आत वेगळीच दिसतेस यार. उंच दिसतेस." ती उंची आज कुठे आहे विचाराल, तर ती मोदकपात्राचं झाकण काढायला उपयोगी पडते.

"वळ. डावीकडे वळ. आता पुढे," शालूनं हुकूम सोडला. आश्लेषा मुद्दाम अडखळत वळली, पोरीच्या समाधानाला. सकाळी काशिफाचाच फोन आला होता. ती आता अलिबागच्या एका लहानशा खासगी शाळेची मुख्याध्यापिका आहे, आणि तिच्या बोलण्यात आडपडदा कधी नव्हताच. "तिसरीचा वर्ग आहे, सोमवारपासून," ती म्हणाली. "बाई बाळंतपणाला गेल्यात त्या परत येत नाहीत. तुझं नाव मी घातलंय. पण संध्याकाळपर्यंत हो की नाही ते मला सांग. सांगितलं नाहीस तर दुसरीला बोलावीन. वाईट वाटेल मला, पण बोलावीन." आश्लेषा फोन कानाला लावून मागच्या पडवीत उभी होती, आणि समोर दोरीवर पाहुण्यांच्या उशांचे अभ्रे वाळत होते. "कळवते," ती म्हणाली. "मागे दोनदा असंच म्हणालीस," काशिफा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. तेव्हापासून दिवस आपला नेहमीसारखा चाललेला, आणि हा 'कळवते' मात्र जेवताना घशात अडकलेल्या शितासारखा तिथेच.

बरं, छळ म्हणावा तर कुणी करत नाही. तसं असतं तर सोपं गेलं असतं; दार आपटून निघता तरी आलं असतं. इथे सगळी चांगली माणसं. देवव्रत, तिचा नवरा, मांडव्याहून बोटीनं मुंबईला नोकरीला जातो, रात्री दमून येतो आणि विचारलं की म्हणतो, "तुझं तू ठरव, माझी कशाला हरकत असेल?" एवढं बोलून कुशीवर वळतो. सासूबाई, अनुसूयाबाई, गुडघ्यानं हैराण, पण लेकीसारखं करतात, आणि दिवसातून एकदा तरी म्हणतात, "तू आहेस म्हणून चाललंय हो." मायेनंच म्हणतात. पण ऐकल्यावर दर वेळी पायात कुणीतरी काहीतरी बांधल्यासारखं वाटतं. आणि सासरे, विश्वंभरअण्णा, ते तर तिचं कौतुक करताना थकत नाहीत. मातांच्या ग्रुपवरचे तिचे व्हिडिओ ते पाहुण्यांना दाखवतात. दर गुरुवारी आळीतल्या बायका पोरांना घेऊन मागच्या पडवीत जमतात, ती त्यांना कार्ड समजावून देते, चिंचोके आणि शंखशिंपले मांडून बसते, याचा अण्णांना कोण अभिमान. "नोकरी करून जे झालं नसतं ते माझ्या सुनेनं घरात बसून केलं," असं ते परवा एका पुण्याच्या कुटुंबाला सांगत होते. आश्लेषा सोलकढीचा जग घेऊन उभी होती. तिला एवढा राग आला, एवढा राग आला, की जग त्यांच्या डोक्यावर रिकामा करावा. तिनं वाट्या भरल्या आणि कोकम जास्त तर नाही ना झालं, असं विचारलं.

रविवारी तिनं विषय काढलाही होता. अण्णा झोपाळ्यावर, सासूबाई पाटावर सुपारी सोलत. ती म्हणाली, "अण्णा, काशिफाच्या शाळेत जागा होतेय असं ऐकलं." अण्णांनी चष्मा काढला. "अरे वा," ते म्हणाले. "चहा टाक, निवांत बसून बोलू." तिनं चहा टाकला. चहा आला, आणि चहाबरोबर शनिवारच्या बुकिंगचं निघालं, त्यावरून शहाळी उतरवायला यायचा तो जीवन आला नाही हे निघालं, जीवनवरून त्याच्या भावाचं लग्न. कप विसळताना तिला कळलं की बोलणं होऊन गेलं. सगळ्यांच्या मनानं ते झालं होतं. अण्णांनी कपटानं केलं असतं तर गोष्ट वेगळी. पण या घरात नको असलेली गोष्ट अशीच संपते, चहात, आणि कुणाच्याही कपाळाला आठी न पडता. देवव्रतच्या बहिणीचं पुण्याला शिकायला जाणंही असंच संपलं होतं, असं सासूबाईंनीच एकदा सहज सांगितलं होतं.

"आता मधलं दार. थांब, मी कडी काढते," शालू म्हणाली. कडी सरकली, बिजागरी कुरकुरली, आणि आश्लेषाच्या तोंडावर एक थंड, बंद वास आला: लिंबाचा स्प्रे, नव्या गाद्यांचं रबर, फिनेल. इथून पुढे पाहुण्यांचं घर. शालू पोटात होती तेव्हा देवव्रतनं ओटी आणि माजघर मोडून दोन खोल्या काढल्या, टाईल्स घातल्या, आणि फाटकावर पाटी लागली: घरगुती जेवण, मोदक ऑर्डरप्रमाणे. तेव्हापासून मधलं दार बंद. पाहुण्यांना आपली माणसं मधून फिरलेली आवडत नाहीत. साफसफाई अण्णा पुढून किल्लीनं उघडून गावातल्या बाईकडून करून घेतात, आणि आश्लेषा जेवणाची ताटं नेते ती घराला वळसा घालून, विहिरीच्या अंगानं, पुढच्या ओट्यावर. पाहुणे नसले तरी तसंच. अण्णा आणि सासूबाईसुद्धा दुपारचं ओट्यावर बसायला जातात ते वळसा घालूनच. घरातल्या घरात पुढे जायचं असतं हे सगळे विसरून गेले, आणि कुणाला त्यात काही वाटेनासं झालं.

"पुढे ये. अगं ये ना."

तिनं उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि जागच्या जागी थिजली. टाईल गुळगुळीत, गार. तिला काहीच कळेना. आत्तापर्यंतचा अंधार ओळखीचा होता, त्यात तिच्या हाताला सगळं सापडत होतं. हा अंधार परक्या घरातला. तिनं हात पुढे केला तर हवा. डावीकडे केला तर काहीतरी मऊ, केसाळ. दचकून हात मागे घेतला. "सोफा आहे तो," शालू म्हणाली. "उजवीकडे सरक. एवढी नको." गुडघा कशावर तरी आपटला. शालूला मात्र इथलं सगळं माहीत. पाहुण्यांच्या पोरांशी खेळायला ती पुढून बिनदिक्कत येते, त्यांच्याबरोबर टीव्ही बघते. शालू आता खरोखरच शिकवत होती, आणि आश्लेषाला खरोखरच काही येत नव्हतं. याच खोलीत, म्हणजे तेव्हाच्या ओटीवर, तिनं माप ओलांडून आत पाय टाकला होता. तांदूळ सांडले होते आणि कुणीतरी म्हणालं होतं, आली हो घरची लक्ष्मी. त्या दिवशी ती ज्या दारानं आत आली त्या दारानं या खोल्या झाल्यापासून एकदाही बाहेर गेली नाही, हे तिच्या आत्ता, या घटकेला लक्षात आलं. एकदाही नाही. माहेरी जाताना मागून, दवाखान्यात जाताना मागून, शालूला घेऊन आली तीसुद्धा सासूबाईंनी मागच्याच दारात ओवाळली, कारण पुढे नाशिकची मंडळी उतरली होती. पंचा काढून टाकावा असं वाटलं. पण मोबाईल चालू होता आणि पोरगी म्हणाली असती, आई हरली.

"आता सरळ. सरळ, सरळ. थांब. आलं दार. उघड."

तिचा हात आपणहून वर गेला, डावीकडे, खांद्याच्या उंचीवर, आणि बोटं कडी उचलायला वाकली. तिथे कडी नव्हती. गुळगुळीत लाकूड. हात पुन्हा तिथेच गेला, तो ऐकेना. मग तिला उमगलं, तो या घराचा हातच नव्हता. तो उरणचा, माहेरचा हात होता. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ती बिल्डिंग, दोन खोल्या, खालून कंटेनरचे ट्रेलर जायचे आणि मांडणीतली भांडी किणकिणायची. त्या दाराची कडी डावीकडे होती, हट्टी होती. आधी जराशी उचलायची, मग ओढायची. शाळेत जाताना, कॉलेजात जाताना, अलिबागच्या होस्टेलवर जायला बॅग घेऊन निघाली तेव्हा, ती तिनं उचलली होती. आईनं आतून हाक मारून विचारायचं, "कुठे निघालीस?" आणि तिनं "आलेच" म्हणायचं, पायात चपला सरकवत. बस्स, एवढंच. त्यात काय विशेष होतं? पण पंच्याच्या आत तिचे डोळे भरून आले आणि हळदीचा ओला वास नाकात गेला. ती स्वतःच दार उघडून जायची तेव्हाची गोष्ट ही. स्वयंपाकघर अंगात बसायला वर्षं लागली, आणि ती कडी मात्र इतकी वर्षं उगाच हातात राहिली होती.

"वर नाही गं," शालू म्हणाली. "खाली आहे. गोल आहे ते फिरवायचं. बाबानं नवीन लावलंय ना." तिनं आईचं मनगट धरलं आणि कमरेपाशी नेऊन एका थंड गोळ्यावर ठेवलं. आश्लेषानं तो फिरवला. आत काहीतरी टक् झालं आणि दार उघडलं.

वारा आला. समुद्राचा, सुरूंच्या बनातून गाळून आलेला, आणि वाडीतल्या पाटाच्या पाण्याचा. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या. अण्णांच्या तपकिरीचा वास आला. म्हणजे नेहमीसारखे दोघं बसलेत, अण्णा झोपाळ्यावर, सासूबाई पाटावर. पुढच्या दारात सून गाऊनमध्ये, डोळ्यांना पंचा बांधून उभी. काय दृश्य असेल. दुसरी कुठली वेळ असती तर ती लाजून आत पळाली असती. पण तिला त्यांचे चेहरे दिसत नव्हते. अण्णांचं ते समजूतदार हसू दिसत नव्हतं, सासूबाईंचा गुडघ्यावर ठेवलेला हात दिसत नव्हता. आणि ते दिसत नव्हतं म्हणूनच तिचा आवाज घशाच्या बाहेर आला, वर्गातला, मागच्या रांगेपर्यंत जाणारा.

"अण्णा, आई, मी अलिबागला शिकवायला जाणार आहे. सोमवारपासून. मी ठरवलंय. पाहुण्यांच्या जेवणाचं काय ते आपण बघू, आईंच्या गुडघ्याचंही बघू, पण मी जाणार. मला इथे गुदमरायला होतं."

झोपाळा कुरकुरत राहिला. ती वाट बघत उभी राहिली.

"आई," शालू हळूच म्हणाली, "तू कुणाशी बोलतेयस? इथे कुणीच नाहीये."

तिनं पंचा वर ढकलला. उजेड डोळ्यांत घुसला. ओटा रिकामा. झोपाळा वाऱ्यानं हलत होता, त्यावर अण्णांचं उपरणं आणि तपकिरीची डबी. पाटाजवळ अर्धवट सोललेल्या सुपाऱ्या. दोघं वाडीत गेली असणार, पंप बंद करायला. आणि आश्लेषाला पहिलं काय वाटलं असेल, तर हायसं वाटलं. कुणी ऐकलं नाही. सुटले. दार ओढून घ्यावं, मधली कडी घालावी, आत जावं. नारळ खवायचाय, उद्याचं पीठ बघायचंय, संध्याकाळ होईल, काशिफा समजायचं ते समजेल. एवढं सगळं एका श्वासात तिच्या मनात येऊन गेलं. मग तिला स्वतःचीच इतकी शिसारी आली की ती भिंतीला टेकली. कडी बाहेरून कुणी घातलीच नव्हती. या हायसं वाटण्यानंच तिला इतके दिवस कोंडून ठेवलं होतं, आणि ते तिचं स्वतःचं होतं, घरातल्या कुणाचं नव्हतं.

विहिरीच्या अंगानं पावलं वाजली. अण्णा आले, हातात एक वाळकी झावळी ओढत. मागून सासूबाई, काठी टेकत. पुढचं दार सताड उघडं बघून अण्णा थबकले, आणि त्यांचा चेहरा लगबगीचा झाला. त्या दारात माणूस दिसला की त्यांचा तसाच होतो.

"कोण आलं गं? पाहुणे आले का? आज कुणाचं बुकिंग नव्हतं."

"पाहुणे नाहीत, अण्णा. मीच आहे."

"अगं मग दार का उघडं? धूळ जाईल आत."

शालू आईच्या अगदी जवळ सरकली. पोरीला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. कुजबुजत तिनं विचारलं, "आई, परत पट्टी बांधू का?"

"नको," आश्लेषा म्हणाली. तिनं पंचा डोक्यावरून काढला आणि खांद्यावर टाकला. अण्णांचा चेहरा आता पुरता दिसत होता. घामेजलेला, म्हातारा, प्रेमळ. सासूबाई पायरीशी थांबल्या होत्या आणि हात गुडघ्यावर होता. तिनं तीच वाक्यं पुन्हा म्हटली. मघाच्यासारखी नाही आली. आवाज फाटला, सोमवार म्हणताना अडखळली, गुदमरण्याचं तर राहूनच गेलं. पण 'मी जाणार' हे तिनं दोनदा म्हटलं.

अण्णांनी झावळी कडेला ठेवली. सासूबाईंकडे बघितलं, मग तिच्याकडे. रागावले नाहीत. ते हसले, अगदी त्यांचं नेहमीचं समजूतदार हसू, आणि उपरणं बाजूला करून झोपाळ्यावर बसले.

"बरं बरं," ते म्हणाले. "एवढं काय त्यात? चहा टाक, निवांत बसून बोलू."

आणि तिचे पाय वळलेसुद्धा. आत, मधल्या दाराकडे, स्वयंपाकाच्या ओट्याकडे. चहाच्या डब्यापर्यंतची वाट त्यांना डोळे बांधून ठाऊक होती. उंबऱ्याशी तिनं चौकट धरली, घट्ट, आणि स्वतःला थांबवलं.

"शालू, फोन दे."

"व्हिडिओ चालू आहे अजून."

"बंद कर आणि दे."

शालूनं फोन दिला. आश्लेषानं काशिफाचा नंबर लावला आणि पुढच्या पायऱ्या उतरून अंगणात, उन्हात जाऊन उभी राहिली. पलीकडे रिंग वाजायला लागली. झोपाळ्याची कुरकुर थांबली होती.

"चहाला जरा वेळ लागेल, अण्णा," ती म्हणाली.